आदळणाऱ्या रेणूंचा सापेक्ष वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात बीएस्सी आणि एमएस्सीच्या मुलांना मी गेली बरीच वर्षं भौतिक रसायन शिकवते आहे. वायूंचा गतिसिद्धांत सुरू झाला की ठरावीक प्रश्न येतात. काही तासाला, काही तास संपल्यावर जिन्यात, आणि बरेचसे परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर. ते सगळे इथे एका जागी लिहिले आहेत. सूत्रं मी फळ्यासमोर बोलते तशीच लिहिली आहेत. के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान, एम म्हणजे एका रेणूचं वस्तुमान आणि म्यू म्हणजे रिड्यूस्ड मास, म्हणजे दोन रेणूंच्या वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज. पाय म्हणजे π.

प्रत्येक रेणूचा वेग माहीत असताना सापेक्ष वेग वेगळा कशाला काढायचा?

कारण टक्कर एकट्याची होत नाही. लक्ष्मी रोड एकेरी आहे. तिथे तुमची गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली आहे आणि पुढची स्कूटरही ३० नेच चालली आहे, तर तुमच्यातलं अंतर तेवढंच राहतं. तुमच्या दृष्टीने ती स्कूटर जागेवर उभी आहे. हाच ३० चा वेग दुहेरी रस्त्यावर समोरून आला तर अंतर ताशी ६० ने मिटत जातं. चौकात आडवा आला तर साधारण ४२ ने. तिन्ही वेळा स्पीडोमीटरचा काटा ३० वरच असतो.

रेणूंचं अगदी असंच आहे. टक्कर होणार का, किती वेळाने होणार आणि किती जोरात होणार, ही तिन्ही उत्तरं दोघांमधल्या वेगावर ठरतात. एकट्या रेणूच्या वेगावरून ती काढायला गेलं की मीन फ्री पाथ (दोन टकरींच्या मध्ये रेणू सरासरी जेवढं अंतर जातो ते) चुकतो, टकरींची संख्या चुकते आणि पुढे अभिक्रियेचा दरही चुकतो.

सापेक्ष ‘वेग’ म्हणायचं की सापेक्ष ‘चाल’?

काटेकोर बोलायचं तर चाल. वेगाला दिशा असते. बंद डब्यातल्या सगळ्या जोड्यांच्या सापेक्ष वेगांची दिशेसकट सरासरी काढली तर ती शून्य येते, कारण जितके बाण उजवीकडे तितकेच डावीकडे. आपल्याला हवी असते ती बाणाच्या लांबीची सरासरी. पुस्तकात सवयीने ‘वेग’ छापलेलं असतं आणि मीही बोलताना तसंच म्हणते, पण गणिताला बसताना मनात चाल धरा.

√२ कुठून आला? तो पाठच करायचा का?

पाठ करू नका. एकदा कागदावर काढून बघा, मग तो आयुष्यभर विसरणार नाही.

एका बिंदूपासून दोन बाण काढा, एक पहिल्या रेणूचा वेग आणि दुसरा दुसऱ्याचा. दोन्ही बाणांची टोकं जोडणारी रेघ म्हणजे त्यांचा सापेक्ष वेग. या त्रिकोणात शाळेतला कोसाइनचा नियम लावा: रेघेचा वर्ग म्हणजे पहिल्या बाणाचा वर्ग, अधिक दुसऱ्याचा वर्ग, वजा दोन गुणिले दोन्ही बाण गुणिले मधल्या कोनाची कोसाइन.

आता हा एक त्रिकोण सोडा आणि डब्यातल्या सगळ्या जोड्यांचे त्रिकोण डोळ्यासमोर आणा. रेणूंना कोणतीही दिशा लाडकी नसते आणि एकाची दिशा दुसऱ्याला विचारून ठरत नाही. त्यामुळे कोसाइन जितक्या वेळा धन, तितक्याच वेळा ऋण. सरासरी शून्य, आणि ते शेवटचं पद गळून पडतं. उरतं काय, तर सापेक्ष वेगाच्या वर्गाची सरासरी म्हणजे दोन्ही वेगांच्या वर्गांच्या सरासरींची बेरीज. दोन्ही रेणू एकाच जातीचे असतील तर ही बेरीज दुप्पट, आणि वर्गमूळ घेतलं की √२.

थोडक्यात, हा पायथागोरस आहे. सरासरीच्या दृष्टीने दोन रेणू एकमेकांना काटकोनात येत असल्यासारखे वागतात.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि चांगली मुलं हमखास तिथे अडतात. वरचा हिशेब वर्गांच्या सरासरीचा, म्हणजे आरएमएस चालीचा (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) झाला. मग साध्या सरासरी चालीलाही तोच √२ का लागतो? त्याचं श्रेय, वायूत कोणत्या वेगाचे किती रेणू असतात हे सांगणाऱ्या मॅक्सवेलच्या वितरणाला आहे. त्या वितरणात वेगाचा प्रत्येक घटक घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेला असतो. असे दोन स्वतंत्र घटक एकमेकांतून वजा केले तर उत्तराचा वक्रही घंटेचाच राहतो, फक्त जास्त रुंद होतो. म्हणजे सापेक्ष वेगांचं वितरण मूळ वितरणासारखंच दिसतं, त्यात एमच्या जागी म्यू आलेला असतो. वक्राचा आकार तोच राहिल्यामुळे सर्वांत संभाव्य चाल, सरासरी चाल आणि आरएमएस चाल या तिन्हींना एकच गुणक लागतो.

एका पुस्तकात √२ ऐवजी ४/३ दिलं आहे. ते चूक आहे का?

चूक नाही, गृहीतक वेगळं आहे. सगळे रेणू एकाच चालीने पळतात, फक्त दिशा वेगवेगळ्या आहेत, असं मानलं तर सरासरी सापेक्ष चाल त्या चालीच्या ४/३ पट येते. १८५८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लॉसियसने मीन फ्री पाथची कल्पना मांडली तेव्हा त्याने हेच मानलं होतं. १८६० मध्ये मॅक्सवेलने चालींचं वितरण हिशेबात घेतलं आणि ४/३ च्या जागी √२ आला. १.३३ आणि १.४१ यांत फरक सहा टक्क्यांचा, पण या सहा टक्क्यांत एक मोठा विचार बसला आहे: रेणू सगळे सारखे पळत नाहीत.

परीक्षेत ‘मॅक्सवेल वितरण’ असं लिहिलेलं असो वा नसो, प्रत्यक्षातल्या वायूसाठी √२ च घ्या. ‘सर्व रेणूंची चाल समान मानून’ असं स्पष्ट म्हटलं असेल तरच ४/३.

मग सगळ्या टकरी काटकोनात होतात का?

नाही. टकरी सगळ्या कोनांत होतात. काटकोन फक्त सरासरीपुरता, आणि तोही सगळ्या जोड्यांच्या सरासरीपुरता. प्रत्यक्ष आदळणाऱ्या जोड्या तेवढ्या निवडल्या तर समोरासमोर येणाऱ्यांचा वाटा वाढतो, कारण अंतर भराभर मिटवणाऱ्या जोड्यांच्या टकरी जास्त होतात. समान चाल मानून हिशेब केला तर आदळणाऱ्या जोड्यांसाठी कोसाइनची सरासरी शून्याऐवजी उणे १/५ येते, आणि ही कोसाइन साधारण १०१.५ अंशांच्या कोनाची असते. हा हिशेब चार ओळींचा आहे, करून बघा. मला स्वतःला हा विषय खऱ्या अर्थाने कळला तो हे उत्तर पहिल्यांदा काढलं त्या दिवशी.

दोन वेगवेगळे वायू असतील तर? तिथे रिड्यूस्ड मास कसा येतो?

पायथागोरस तोच, फक्त दोन बाजू असमान. हायड्रोजनची सरासरी चाल ३०० केल्व्हिनला सेकंदाला सुमारे १७७५ मीटर, ऑक्सिजनची सुमारे ४४५. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या: १८३०. हीच हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीची सरासरी सापेक्ष चाल.

आता सूत्राने करा. दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे म्यू. आठ केटी भागिले पाय म्यू, सगळ्याचं वर्गमूळ. पुन्हा १८३०. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात, कारण एक भागिले म्यू म्हणजे एक भागिले पहिलं वस्तुमान अधिक एक भागिले दुसरं. चालीचा वर्ग वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून चालींचे वर्ग मिळवणं आणि वस्तुमानांचे व्यस्त मिळवणं ही एकच क्रिया आहे. दोन्ही रेणू सारखे असले की म्यू म्हणजे एमच्या निम्मा, आणि आपला √२ परत हजर.

वरच्या उदाहरणात ऑक्सिजनने फक्त ५५ मीटरची भर घातली. एक हलका रेणू आणि एक जड रेणू अशी जोडी असली की सरासरी सापेक्ष चाल जवळजवळ हलक्याचीच असते. जड रेणू त्याच्या दृष्टीने उभाच. इलेक्ट्रॉन वायूमधून जातो तेव्हा तर हा गुणक सरळ १ धरतात, √२ घेत नाहीत.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. एका छापील उत्तरसंचात हेच उदाहरण होतं आणि तिथे दोन्ही चालींची नुसती बेरीज करून २२२० उत्तर दिलं होतं. बार्शीहून शिकायला आलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर होतं, पण छापलेलं जुळत नाही म्हणून तिने अख्खी रात्र स्वतःची चूक शोधण्यात घालवली. नुसती बेरीज फक्त समोरासमोरच्या टकरीला चालते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेल्या कोणत्याही संचातलं उत्तर तुमच्या उत्तराशी जुळलं नाही, तर आधी त्रिकोण काढा.

पुण्याच्या हवेत हे आकडे किती येतात?

मला हे उदाहरण फार आवडतं, म्हणून सविस्तर सांगते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, तेव्हा सगळी हवा नायट्रोजनची धरू. तापमान २५ अंश सेल्सिअस. नायट्रोजनची सरासरी चाल सेकंदाला ४७५ मीटर, सरासरी सापेक्ष चाल त्याच्या √२ पट, म्हणजे ६७१ मीटर.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथला दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी, साधारण ९५ किलोपास्कल. एका घनमीटरमध्ये २.३ गुणिले दहाचा पंचविसावा घात इतके रेणू मावतात. नायट्रोजनचा कोलिजन क्रॉस सेक्शन, म्हणजे टकरीसाठी रेणू जेवढं क्षेत्रफळ अडवतो ते, ०.४३ चौरस नॅनोमीटर. क्रॉस सेक्शन गुणिले सापेक्ष चाल गुणिले रेणूंची घनता केली की एका रेणूच्या वाट्याला सेकंदाला सुमारे ६६५ कोटी टकरी येतात.

मीन फ्री पाथ काढताना ४७५ ला या आकड्याने भागायचं. उत्तर सुमारे ७१ नॅनोमीटर. मुंबईत समुद्राकाठी हाच आकडा याच तापमानाला ६७ च्या आसपास येतो. घाट चढून वर आलो की रेणूला श्वास घ्यायला सहा-सात टक्के जास्त जागा मिळते.

७१ नॅनोमीटर डोळ्यासमोर येत नाहीत, म्हणून कॅरमची सोंगटी घ्या. तिचा व्यास सुमारे तीन सेंटिमीटर. नायट्रोजनचा रेणू सोंगटीएवढा केला तर शेजारचा रेणू सरासरी तीसेक सेंटिमीटरवर असेल, पण आपली सोंगटी एकदा टक्कर खाऊन निघाली की पुढच्या टकरीपर्यंत जवळपास सहा मीटर सरळ जाईल. एवढे शेजारी असून इतकं लांब जाता येतं, कारण वाटेतले बहुतेक जण बाजूने निघून जातात.

मीन फ्री पाथमध्ये वर साधी चाल आणि खाली सापेक्ष चाल, हे कसं?

एका सेकंदात रेणू जमिनीच्या हिशेबाने ४७५ मीटर चालला. तेवढ्या वेळात त्याला टकरी किती झाल्या, हे सापेक्ष चालीने ठरलं. चाललेलं अंतर भागिले टकरी. त्यामुळे √२ छेदात जातो आणि पथ आखूड होतो. √२ विसरलात तर पुण्याच्या हवेसाठी ७१ च्या जागी १०१ नॅनोमीटर येतील. असा मीन फ्री पाथ मिळवायचा तर बाकीचे सगळे रेणू जागेवर गोठलेले हवेत.

क्रॉस सेक्शनमध्ये पाय आर वर्ग की पाय डी वर्ग?

पाय डी वर्ग. इथे आर म्हणजे रेणूची त्रिज्या आणि डी म्हणजे व्यास. कॅरम बोर्डवर दोन सोंगट्या एकमेकींना टेकवून ठेवा आणि त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर बोटाने मोजा. ते एका सोंगटीच्या पूर्ण व्यासाइतकं भरतं, त्रिज्येइतकं नाही. म्हणजे एका सोंगटीचा मध्य दुसरीच्या मध्यापासून एका व्यासाच्या आत आला की टक्कर झालीच. स्ट्रायकर आणि सोंगटी असतील तर दोघांच्या त्रिज्यांची बेरीज घ्या. दोन वेगळ्या रेणूंसाठीही हेच.

इथे आर लावला तर उत्तर चौपटीने चुकतं. √२ विसरण्यापेक्षा ही चूक कितीतरी महाग आहे.

एकूण टकरींच्या सूत्रात निम्मा कधी येतो?

एकाच जातीच्या रेणूंच्या आपापसातल्या टकरी मोजताना. पहिला दुसऱ्यावर आदळला आणि दुसरा पहिल्यावर आदळला, या दोन टकरी नव्हेत, एकच. म्हणून निम्मे. वेगळ्या जातींच्या टकरीत निम्मा येत नाही, कारण तिथे दोनदा मोजलंच जात नाही. एका रेणूच्या वाट्याच्या टकरी मोजतानाही निम्मा नसतो.

आदळणाऱ्या रेणूंची सरासरी सापेक्ष चालही ६७१ च का?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात. ज्यांनी विचारला, त्यांना मी पुढचा अख्खा तास दिला आहे.

६७१ ही डब्यातल्या सगळ्या जोड्यांची सरासरी आहे. त्यांतल्या बहुतेक जोड्या त्या क्षणी एकमेकांच्या जवळपासही नाहीत. ‘आदळणाऱ्या जोड्या’ म्हटलं की निवड झाली, आणि ती निवड नि:पक्ष नसते.

नळ स्टॉपच्या चौकात कडेला उभं राहून तासाभरात समोरून गेलेल्या गाड्यांचे वेग लिहून काढा आणि सरासरी घ्या. मग त्याच रस्त्याचा वरून एक फोटो काढा आणि त्यात दिसणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेगांची सरासरी घ्या. पहिली सरासरी जास्त येईल. वेगवान गाड्या तुमच्यासमोरून जास्त संख्येने गेल्या, रेंगाळणाऱ्या तासाभरात तुमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. फोटोत मात्र दोघींना सारखंच स्थान आहे.

टकरी म्हणजे चौकातली मोजणी. जी जोडी दुप्पट वेगाने अंतर मिटवते, तिच्या टकरीही दुप्पट. म्हणून आदळणाऱ्या जोड्यांची सरासरी काढताना प्रत्येक जोडीला तिच्या सापेक्ष चालीइतकं वजन द्यावं लागतं. हिशेब सोपा आहे: चालीच्या वर्गाची सरासरी भागिले चालीची सरासरी. मॅक्सवेलच्या वितरणात हा गुणक तीन पाय भागिले आठ, म्हणजे १.१७८ येतो. ६७१ चे झाले सुमारे ७९०.

ऊर्जेत हा फरक आणखी ठळक दिसतो. सगळ्या जोड्या घेतल्या तर सापेक्ष गतीची सरासरी ऊर्जा दीड केटी. प्रत्यक्ष आदळणाऱ्या जोड्या घेतल्या तर ती दोन केटी. २५ अंशांना मोलमागे ३.७ किलोज्यूल आणि ५ किलोज्यूल असा फरक. रसायनशास्त्राला दुसऱ्या आकड्याशी काम आहे, कारण अभिक्रिया आदळणाऱ्यांतच होते.

म्हणून सापेक्ष वेगाचं कुठलंही गणित हातात घेतलं की पहिला प्रश्न स्वतःला विचारा: सरासरी कोणाची? सगळ्या रेणूंची, सगळ्या जोड्यांची की आदळणाऱ्या जोड्यांची? या विषयातल्या निम्म्या चुका या एका प्रश्नाने टळतात.

टकरींची संख्या काढताना मात्र ६७१ च लावायचे. वेगवान जोड्यांचा जास्त वाटा त्या गुणाकारात आधीच आलेला असतो. तिथे ७९० लावले तर तो दोनदा मोजला जाईल.

दोन्ही रेणू भरधाव असूनही टक्कर हलकी कशी असू शकते?

डेक्कन क्वीनमध्ये समोरासमोर बसलेले दोन प्रवासी जमिनीच्या हिशेबाने ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने चाललेले असतात. गाडीने हिसका दिला आणि त्यांचे गुडघे एकमेकांना लागले, तर लागेल ते गुडघ्यांच्या आपसातल्या वेगाइतकंच. गाडीचा वेग त्या धक्क्यात येत नाही.

दोन रेणूंची एकूण गतिज ऊर्जा दोन भागांत वाटता येते. एक भाग दोघांच्या मिळून होणाऱ्या प्रवासाचा, म्हणजे वस्तुमानकेंद्राचा. दुसरा भाग सापेक्ष गतीचा, अर्धा म्यू गुणिले सापेक्ष चालीचा वर्ग. संवेगाच्या अक्षय्यतेमुळे पहिला भाग टकरीआधी जेवढा असतो तेवढाच टकरीनंतरही राहतो, त्याला हात लावता येत नाही. बंध तोडायला दुसराच भाग मिळतो.

तोही सगळा मिळेल असं नाही. कॅरममध्ये सोंगटीला नुसता पातळ कट लागला तर स्ट्रायकर कितीही जोरात असला तरी सोंगटी जेमतेम हलते. मध्याच्या रेषेत बसला तर ती सुसाट जाते. रेणूंच्या टकरीतही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवरचा घटकच कामाचा धरतात, आणि त्या हिशेबातूनच ई चा उणे ईए भागिले आरटी हा घात नीटपणे बाहेर येतो. इथे ईए म्हणजे अॅक्टिव्हेशन एनर्जी, अभिक्रियेला लागणारी किमान ऊर्जा, आणि आर म्हणजे वायूंचा स्थिरांक.

तापमान दहा अंशांनी वाढलं की दर जवळपास दुप्पट होतो. टकरी दुप्पट होतात म्हणून का?

नाही, आणि हा गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. ३०० वरून ३१० केल्व्हिनला गेलं तर सापेक्ष चाल १.७ टक्के वाढते. बंद डब्यात टकरीही तेवढ्याच वाढतात. पुण्यातली डिसेंबरमधली १० अंशांची पहाट आणि एप्रिलमधली ४० अंशांची दुपार यांतही चालीचा फरक पाचच टक्क्यांचा.

वाढतात त्या जोरदार टकरी. अॅक्टिव्हेशन एनर्जी मोलमागे ५० किलोज्यूल धरा. ३०० केल्व्हिनला १०० कोटी टकरींपैकी अवघ्या दोन या उंबरठ्यावरून पलीकडे जातात. पुण्याच्या हवेतल्या त्या रेणूच्या सेकंदाला ६६५ कोटी टकरींपैकी अशा तेरा. दहा अंशांनी तापवलं की हा वाटा १.९ पट होतो. खूप मोठ्या गर्दीतली अगदी टोकाची मूठभर मंडळी, थोड्याशा उबेने जवळपास दुप्पट झालेली.

एवढी ऊर्जा असूनही अभिक्रिया का होत नाही?

रेणू कसा वळून आदळला यावर पुष्कळ अवलंबून असतं. मॅक्स ट्राउट्झने १९१६ मध्ये आणि विल्यम लुईसने १९१८ मध्ये टक्कर सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला, तेव्हा रेणू कडक गोळे धरले होते. खऱ्या रेणूला तोंड आणि पाठ असते. म्हणून स्टेरिक फॅक्टर लावतात, म्हणजे रेणू कसे वळून आदळतात याचा हिशेब घेणारा गुणक. हायड्रोजन आणि एथिलीनच्या अभिक्रियेत तो दहा लाखांत दोनाहूनही कमी आहे.

उलटही घडतं. पोटॅशियमचा अणू आणि ब्रोमीनचा रेणू यांच्यात हा गुणक जवळपास ४.८ आहे. पोटॅशियम लांबूनच आपला इलेक्ट्रॉन ब्रोमीनकडे फेकतो आणि मग विरुद्ध प्रभारांची ओढ दोघांना एकत्र आणते. दोरी बांधलेला भाला फेकून मासा ओढावा तसं, म्हणून याला हार्पून यंत्रणा म्हणतात.

रेणू सेकंदाला पावणेपाचशे मीटर पळतात, मग शेजारच्या घरातल्या उदबत्तीचा वास यायला वेळ का लागतो?

हीच शंका डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलॉटने क्लॉसियसपुढे ठेवली होती, आणि मीन फ्री पाथ जन्मला तो तिला उत्तर देताना. रेणू पळतो खरा, पण दर ७१ नॅनोमीटरला त्याची दिशा बदलते. अशा भटकंतीत तासाभरात तो सुटल्या जागेपासून जेमतेम अर्धा-पाऊण मीटर लांब जातो. वाड्याच्या या खणातून त्या खणात वास पोचतो तो मुख्यतः हवेच्या झुळकीवर बसून.

सापेक्ष वेग कोणी प्रत्यक्ष मोजला आहे का?

हो. १९२० मध्ये ऑटो स्टर्नने चांदीच्या अणूंच्या झोतावर चाली मोजल्या. पुढे दोन झोत एकमेकांवर, बहुधा काटकोनात सोडायचं तंत्र आलं. दोन्ही झोतांच्या चाली ठाऊक, कोन ठाऊक, म्हणजे सापेक्ष चाल आपण ठरवू ती. मग कोणत्या दिशेला काय उडतं ते टिपायचं. या क्षेत्रातल्या कामासाठी डडली हर्शबाख, युआन ली आणि जॉन पोलानी यांना १९८६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इथे सरासरीचा प्रश्नच उरत नाही, एकेका वेगाला रेणू काय करतात ते दिसतं.

हे सगळं द्रवात चालेल का?

नाही. द्रवात दोन टकरींच्या मध्ये मोकळा पथच नसतो. रेणू शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात अडकून त्याच जोडीदारावर पुन्हा पुन्हा आदळतो. तिथे विसरणाचं (डिफ्यूजनचं) गणित लागतं, तो वेगळा धडा.

गणितात नेमकं चुकतं कुठे?

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांत सर्वांत जास्त वेळा चुकतो तो मोलर मास. तो ग्रॅममध्येच ठेवला जातो. आर जूलमध्ये घेतला असेल तर मास किलोग्रॅममध्येच हवा: नायट्रोजनसाठी ०.०२८. नाहीतर चाल सेकंदाला १५ मीटर येते, आणि एवढी तर पुणे-मुंबई एसटीची असते. दुसरी चूक के आणि आर यांची सरमिसळ. के घेतला तर एका रेणूचं वस्तुमान, आर घेतला तर एका मोलचं. तिसरी, दोन वेगळ्या वायूंना सवयीने √२ लावणं. तिथे म्यूच काढायचा. आणि घाईत असाल तरी उत्तराखाली एक ओळ लिहायला वेळ काढा: सापेक्ष चाल दोघांतल्या वेगवान रेणूच्या चालीपेक्षा जास्त आली आहे का, आणि दोघांच्या बेरजेपेक्षा कमी आहे का. सरासरी सापेक्ष चाल नेहमी या दोन आकड्यांच्या मध्येच बसते. बाहेर गेली, तर मागच्या ओळीला परत जा.